मुलींनी फक्त ओळखायचं

५ नोव्हेंबर, बुधवार

मुलींनी फक्त ओळखायचं!! सोमनाथ सर आज हसत हसत म्हणाले, बॅलेत उडी मारून हवेत फिरणं हे मुलांचं काम. पुण्याच्या मॅडम परीक्षेला येतील तेव्हा मुलं करून दाखवतील, मुली व्हिडिओ बघून नावं सांगतील. आणि मॅडम वर्षभर शिकवायला पुण्याला कुणाला नेणार? उडी बघून! म्हणजे मुलालाच. आख्ख्या क्लासात मुलगा एक — प्रणय. त्याच्यापेक्षा आमच्या गल्लीतली मांजर बरी उडते.

मी म्हटलं, "सर, मला ती उडी येते, टूर. करून दाखवू?"

"दिपाली, तुला ओळखता येतं ना? मग झालं."

झालं? डोंबल झालं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घोकंपट्टी. बाकीच्या मुली फेऱ्या मोजतात आणि फसतात. फेऱ्या मोजायच्याच नसतात! पायाकडे बघायचं. दोन्ही पायांवरून सरळ वर गेला, हवेत फिरून दोन्हींवर उतरला — टूर. एका पायावरून उडाला, दुसऱ्यावर उतरला, मधे पाऊल गुडघ्याला चिकटलं — सो द बास्क. अंग आडवं कललं आणि मोठा गोल घेतला — बॅरल.

मला झोपेतही ओळखू येईल. पण नुसतं ओळखून काय करू? लोणचं घालू?

९ नोव्हेंबर, रविवार

सिल्लोडहून आजी आली. आल्या आल्या माझ्या पायातला दोरा तपासला. काळ्या मेंढीच्या लोकरीचा, तिनंच वळलेला. दरसाल नवा बांधते. सर म्हणतात, काप तो, पायाची रेघ तुटते. आजी म्हणते, "कापून तर बघ! नजर लागंल कुनाची." म्हणून क्लासमध्ये मोज्याखाली दडवते.

तिला सगळं सांगितलं. तर म्हणते, "आमच्यातबी तसंच की गं. ढोलावर बाप्ये नाचत्यात. बाया कडंला बसून वळखत्यात, कुनाचा पाय चुकला ते."

"मग तुला राग नाय आला कधी?"

"आला की. लई आला. पर इचारतंय कोन?"

मी तिच्यावरच चिडले. उगाच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रणय आज लवकर आला होता. "दिपे, एकदा टूर मार ना यार. शूट करतो. बघून बघून शिकतो." पाय पण हवेत नीट धरता येत नाहीत त्याला. कीव आली. मोजे अजून घातले नव्हते, तशीच मारली. दोन फेऱ्या! उतरताना पाऊल हललंसुद्धा नाही.

खालच्या कापडाच्या दुकानातून शेटजी ओरडले, "ए पोरांनो, हळू! साड्यांवर धूळ पडतीय!" सरांना तरी गुलमंडीच्या भर बाजारातच क्लास काढायची काय हौस!

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहिताना पान फाटलं. रागानं.

मॅडम आल्या आणि प्रणयचा पाय म्हणे मुरगळला! मग त्यानं सरांना एक व्हिडिओ दिला — "हा माझा, परवाचा." त्याची परीक्षा त्या व्हिडिओवर. मुलींनी ओळखायच्या व्हिडिओंतही तो एक.

आधी परदेशातल्या नर्तकांचे लावले. सगळे ओळखले. शेवटी प्रणयचा. फक्त कमरेखालचा. पडद्यावर दोन पाय उडाले — आणि डाव्या घोट्यावर काळा लोकरीचा दोरा. माझा!!

"ही कोणती?" मॅडमनी विचारलं.

"टूर," मी म्हटलं. पुढचं म्हणणार, तेवढ्यात मॅडमच बोलल्या.

"फार सुंदर. हा मुलगा मला हवा."

सरांनी दोरा पाहिला. मी बघितलं त्यांना पाहताना! वर्षभर काप काप करणारा माणूस एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. नंतर जिन्यात हळूच म्हणाले, "दिपाली, मॅडम उद्या प्रणयच्या नावावर सही करून जातील. तमाशा नको. क्लासचं नाव होतंय. तुला ओळखण्यात पैकीच्या पैकी मिळालेत."

पैकीच्या पैकी! चुलीत घाला ते.

प्रणय लंगडत जिना उतरला. आधी डाव्या पायानं लंगडला, मग उजव्या.

घरी आल्यावर आजीनं विचारलं, "काय झालं गं?" मी सांगितलं. तिनं खाली बसून दोऱ्याची गाठ पुन्हा आवळली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मोजे घरीच ठेवले. गेले तेव्हा मॅडम सही करायच्या बेतात होत्या. म्हटलं, "मॅडम, एक ओळखा." आणि मारली. दोन फेऱ्या, दोन्ही पायांवर. मॅडम माझ्या घोट्याकडे बघत राहिल्या. मग पेनाला टोपण लावलं.

खालून शेटजी ओरडले, "कोन पोरगं हाय रे ते?"

मी खिडकीतून वाकले. "पोरगी हाय, शेटजी! दिपाली!"