मावशीने विणलेले हातमोजे

१७ एप्रिल
पुन्हा तेच! हातमोजे न घालता पडद्याला हात लावला, तर मावशी ओरडली – "घर जाळशील!" माझ्या उघड्या बोटांत आग आहे, हे रांगायला लागल्यापासून ऐकते आहे. मोजे काढायचे ते फक्त अंघोळीला. मोज्यातलं बोट वातीला लावलं की दिवा लागतो – एवढीच माझी जादू. मोज्यांनी आवरलेली! पण आज पडदा पेटला नाही. साधा कोमटही झाला नाही.

१८ एप्रिल
दूधवाली मला बघून हसली. "काय गं, ऐन उन्हाळ्यात लोकर? हातांना थंडी वाजते वाटतं!" मावशीने धाडकन दार लावलं. चोराच्या मनात चांदणं!

२१ एप्रिल
जुना मोजा उसवून पाहिला. लोकरीत मावशीचे पांढरे केस विणलेत – बोटांपासून मनगटापर्यंत! केसातून एकाची शक्ती दुसऱ्याकडे नेता येते, हे तिनेच मला शिकवलं. म्हणजे माझी जादू ती ओढून घेते?

याच हातांनी ती माझ्या वेण्या घालायची, कुठे गुंता निघाला तर आधी फुंकर मारायची. हल्ली तेच हात बर्फासारखे. "वय झालं गं, बाळ." ढोंग!

२२ एप्रिल
उद्या जादूगार मंडळाचे परीक्षक येणार. दिवा लागला तर मी इथेच राहणार. नाही लागला तर अनाथालय – मंडळाच्या घरात बिनजादूचं पोर ठेवत नाहीत. मी उघड्या हातांनीच लावणार. कळू दे सगळ्यांना माझी खरी ताकद!

त्याच दिवशी, संध्याकाळी
म्हटलं, आधी करून बघू. उघडं बोट वातीला लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काहीच नाही! मोजा चढवला – भक्कन दिवा. आणि शेजारच्या खोलीत विणायच्या सुया खाली पडल्याचा आवाज. धावत गेले. मावशी भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळे पडलेले.
"काही नाही गं... झाला ना सराव?"

२३ एप्रिल
परीक्षकांसमोर मोजे काढले, मावशीच्या मांडीवर ठेवले. म्हणाले, "मला जादू येत नाही."

दुपारी जिन्यावरून दोन ट्रंका उतरवल्या. एक माझी, एक तिची.
"सावकाश गं," मावशी म्हणाली, "हात सोलवटतील."