ओमीचं पोहणं, माझी सावधगिरी

४ सप्टेंबर २००९
चौथीत असताना मी ओढा ओलांडायला तयार नव्हते, तेव्हा बाबा शेजाऱ्यांना म्हणाले होते, "आमची पोरगी भेत नाही, सावध राहाते." तेच खरं.
आज नागपूरला डॉक्टरांना लेकीचा, ओमीचा पाय दाखवला. दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी तिचं कॅन्सर झालेलं मांडीचं हाड काढून गुडघ्यासकट स्टीलचं बसवलं. तेव्हा ती सतराची, कॉलेजच्या कबड्डी टीमची रेडर. आज म्हणाले, कबड्डी कायमची बंद, पण पोहायला हरकत नाही. उद्यापासूनसुद्धा.
ओमी एक्स-रेच्या खोलीत होती. बाहेर आल्यावर मी सांगितलं, "दिवाळीनंतर बघू म्हणाले." हे खोटं नाही. गर्दी नसती तर ते म्हणालेच असते.

२० सप्टेंबर
मी मॉडर्न आई आहे. स्वतः गोंदियाला जाऊन स्विमिंग कॉस्च्युम आणला. एक साइज लहान निघाला. सवडीने बदलू.

१० ऑक्टोबर
कॉस्च्युम राहिलाच. दुकान शनिवारी बंद असतं. ओमीचे पप्पा म्हणाले, "काऊन वं, शनिवारी कायले बंद राहील? तूच जाऊन नाही राहिली." यांना बाजारातलं काही कळत नाही.

२ नोव्हेंबर
दिवाळी झाली. पण पाणी थंड आहे, आणि थंडीत स्टील आकसतं. हे विज्ञान आहे. "होळीनंतर म्हणाले," असं सांगितलं.
दुपारी ती झोपली की मी तिच्या पायावरून हात फिरवते. गाठ शोधत नाही, माया करते. आज माझ्याच खांद्याला गाठ लागली. घाम फुटला. पदराची पिन होती.

१५ नोव्हेंबर
ओमीनं डॉक्टरांना स्वतःच फोन लावला. स्पीकरवर. ते म्हणाले, "मी तर सप्टेंबरातच हो म्हटलं होतं." मी लगेच दूध बघायला उठले. दूध गॅसवर नव्हतं.
ती रागावली नाही. "मम्मी, उद्या सकाळी जाऊन राहिली मी. गोवर्धन सर आहेत शिकवायला." बस, एवढंच.
ठरवलं: तोंडातून शब्द काढायचा नाही. हसतमुख राहायचं.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०
तलावावर गेलो. कॉस्च्युम होईना म्हणून ती जुन्या सलवार-कमीजवर उतरली. पायऱ्यांवर लंगडत होती. पाण्यात लंगडणं कुठं दिसेना. मी हसतमुख होते.
मग तिचं डोकं दिसेनासं झालं.
मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही. सर म्हणाले, "अवो बाई, डुबकी मारली तिनं!" तोवर मी पर्स नि चपलांसकट कमरेइतक्या पाण्यात होते, आणि मला पोहता येत नाही. ओमी पोहणं सोडून आली आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं. धुणं धुणाऱ्या बाया हसत होत्या. ओमी हसली नाही. तिनं माझा दंड घरी पोचेपर्यंत सोडला नाही. तिला थंडी वाजत असावी.
घरी आल्यावर म्हणाली, "मम्मी, उद्यापासून तू नको येऊ. मले तुयाच जिवाचं भेव लागते."

त्याच दिवशी, दुपारी ४
जानेवारीत ओमीच्या छातीचा सीटी स्कॅन आहे, कॅन्सर परत आला नाही ना ते बघायला. त्याची मला भीती नाही. पण तोवर ती रोज पाण्यात जाणार, आणि मी घरी भिंतीकडे बघत बसणार, हे जमायचं नाही.
रात्री जेवताना तिला विचारणार आहे. ओमे, मला काठावर बसू दे. पाण्याकडे पाठ करून बसते.
नाहीच म्हणेल.