मागची सीट काढलेली गाडी

आई, आपल्या घरच्या गाडीचा पहिला बोल्ट तू सोडवलास, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. अजूनही सांगते, तेव्हा मान ताठ होते.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. दिग्रसच्या जिनिंग मिल एकेक करून बंद पडत होत्या. मी आयटीआय करून गॅरेजात लागले होते, आणि लग्नाकार्याला सात माणसं कोंबून नेणारी आपली पांढरी गाडी मला मोटार रॅलीत उतरवायची होती. मामा भडकला. ‘लोकायच्या घरी चूल पेटून नाही राह्यली अन् इले गाडी पळवाची हाय!’ तू एसटीची ड्युटी संपवून आली होतीस. खाकी कपड्यांतच पाना उचललास आणि मागची सीट सोडवायला बसलीस. ‘वजन कमी करा लागते ना? मंग हे कायले ठेवतं?’

सहा महिने खपलो. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला, इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला, शॉकअप बदलून गाडी चार बोटं उचलली. शेजारी बसून वळणं सांगायला कुणी मिळेना. तू म्हणालीस, ‘पुसदच्या रस्त्यावर दहा वर्सं तिकिटं फाडली म्या. खड्डा न् खड्डा ठावा हाय मले.’

सुरुवातीच्या रेषेवर आयोजक विचारतात, ‘ड्रायव्हर कुठे आहे?’ तू हेल्मेटचा पट्टा आवळत बोट दाखवतेस. ‘हे काय, माही पोरगी.’ घाटात तू हातातल्या कागदाकडे बघतही नाहीस. ‘डावं. पुढं पूल अरुंद हाय. आता दाब!’ कापूस वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून ओरडताहेत. निम्म्या वाटेवर आपण सगळ्यांच्या पुढे आहोत. मग एका फाट्यावर तू ‘उजवं’ म्हणतेस आणि मी डावीकडे वळते.

परत फिरण्यात आठ मिनिटं गेली. तरी पाचव्या आलो, घरच्या गाडीनं, तयार स्पोर्ट्स गाड्यांच्या रांगेत. लोकांनी विचारलं, तर माझ्याआधी तूच बोललीस, ‘फाटा म्या चुकवला.’ मी बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं. पुढे मी कितीतरी गाड्या बांधल्या, पेपरात फोटो आला, तो तू पर्समध्ये घेऊन फिरलीस. डेपोतले मात्र रिटायर होईपर्यंत तुला फाटा चुकलेली कंडक्टर म्हणून चिडवायचे. तू हसायचीस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहायचं धाडस झालं. तुझं ‘उजवं’ मी स्पष्ट ऐकलं होतं, आई. मला वाटलं, रस्ता मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो.