म्हशीच्या कानातला आकडा

शेलूबाजार, सोमवार

आदरणीय उकंडराव भाऊजींना अश्वजितचा सविनय जय भीम.

तुमची साखर आटोक्यात असेल आणि ताईचा खोकला गेला असेल, असे धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक आहे. म्हणजे माणसांचे ठीक आहे.

नीलिमाचे गुडघे तिला धारेला बसू देईनात, म्हणून म्हैस कुणाला तरी देऊन टाकायची ठरवली. तिच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी: १४२८५७१४२८५७. (छत्तीस वर्षे गणित शिकवले, मी माणसांची नावे विसरतो, आकडे नाही. शिवाय मोबाईलमध्ये फोटो आहे.) आधी ती पलीकडच्या वस्तीतल्या नानीबाईंना दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या, म्हणजे म्हैसबाई. रस्ताभर चिखल, हिच्या खुरांना मात्र मातीचा कण नाही. बिल्ला पाहिला तर २८५७१४२८५७१४. तेच आकडे, त्याच ओळीने, फक्त सुरुवात सरकलेली. वहीत मांडले, तर आधीच्या आकड्याची बरोब्बर दुप्पट! जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, हा बिल्ला मीच मारलाय, कापल्याशिवाय निघत नाही. मग चहा अर्धा टाकून निघून गेले.

नंतर मानोऱ्याकडच्या तांड्यावर गुलाबसिंगला दिली. (हा बैलाला शिंग धरून वळवणारा गडी.) चौथ्या दिवशी तो मोटारसायकलवर धापा टाकत आला, तर म्हैस आमच्या अंगणात रवंथ करत बसलेली. तो तिच्या जवळसुद्धा गेला नाही. "मास्तर, दावं तुटलं नाही, गाठ सुटली नाही. म्हैस तेवढी नाही." बिल्ल्यावर ४२८५७१४२८५७१. तिप्पट.

पुढे आणखी तीन घरे झाली: चौपट, पाचपट, सहापट. आकडे तेच, गोल फिरणारे. परत आली की दारात उभी राहते आणि मी बिल्ला मोठ्याने वाचल्याशिवाय पाऊल हलवत नाही. एकदा मुद्दाम चुकीचा वाचला, तर तिने मान हलवली. आतून नीलिमा ओरडली, "काहून खोटं बोलून राह्यले तिच्यासंग?"

काल सातपट करून पाहिली, भाऊजी. आता आकडे फिरत नाहीत. सलग बारा नऊ येतात. आणि आठपटीला तेरा आकडे लागतात. बिल्ल्यावर जागा बाराचीच. हे ऐकून नीलिमा पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, "मंग आता देल्ली तं ते वापस येईन का नाही?" मी वही पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासली. वर्गात असे कधी करावे लागले नव्हते.

ताईला आठवण सांगा.

तुमचा,
अश्वजित

ता. क. म्हैस गुणाची आहे, दूध घट्ट. कारंज्याला तुमच्या गोठ्यात जागा आहे, असे ताई मागे म्हणाली होती. शनिवारी पाठवू का?

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच शेजारच्या गोजराबाई सांगत आल्या: म्हैस कारंज्याच्या रस्त्याने, कडेकडेने, एकटीच चालली आहे. तुमचे नाव मी अजून नीलिमालाही सांगितले नव्हते. पोचली तर कळवा. आकडा सांगू नका.