गिटारीची घूं

वाघोली, १६ जून २००२

सौ. विहीणबाई पद्मजाताई यांना मुक्ताईचा नमस्कार.

वि. वि. माझं बोलणं अर्धं असतानाच तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहिते आहे. पत्र आपटलं तरी पुसलं जात नाही.

तुम्ही उत्कर्षाला म्हणालात म्हणे, की तुझ्या गिटारीची घूं डोक्यात जाते, दुपारची झोप होत नाही, गिटार माहेरी ठेवून ये. पोरगी सहा दिवस कंपनीत राबते, रविवारी दोन तास वाजवते. लग्नाच्या बोलणीत तुम्हीच सांगितलं होतं, आमच्याकडे कलेची कदर आहे. कुठल्या कलेची, ते तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

मी चौथी शिकलेली बाई. पण टीव्हीच्या कारखान्यात अठरा वर्षं सोल्डरिंग केलं, आणि तो बंद पडल्यावर आता कॉम्प्युटरच्या यूपीएसचे बोर्ड दुरुस्त करते. मागच्या रविवारी मी गिटार घेऊन तुमच्या घरभर फिरले, तेव्हा तुम्ही हसलात. हसा. ट्यूबलाइटखाली गेलं की घूं वाढते. तुमच्या ट्यूबचा चोक म्हातारा झालाय. गिटारीच्या तारांखाली जे पिकअप असतात, त्यात चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ते तारा ऐकतात, तसा तुमचा चोकही ऐकतात. म्हणजे ओरडतंय तुमचं घर, आणि शिक्षा माझ्या लेकीला. चोक बदला.

लोभ असला तर कळवा.

मुक्ताई


नारायण पेठ, २१ जून २००२

सौ. मुक्ताबाई यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. शुद्धलेखन तपासून परत पाठवणार होते, पण तेवढी लाल शाई घरात नव्हती.

आमची ट्यूब एकवीस वर्षे लागते आहे आणि तिच्याविषयी आजवर कोणाची तक्रार नाही. नव्याने आलेल्याने जुन्याशी जुळवून घ्यायचे असते. हे मी ट्यूबविषयीच लिहीत आहे.

गणपतीपर्यंत घूं थांबली नाही, तर गिटार वाघोलीस येईल आणि तिथेच राहील. आमच्या सलिलला तसे सांगितले आहे. तो बरं म्हणाला.

लोभ आमच्याकडे पुरेसा आहे, त्याची काळजी आपण करू नये.

पद्मजा


वाघोली, १२ ऑगस्ट २००२

पद्मजाताईंना नमस्कार. वि. वि.

तुमच्या गणपतीच्या आधी काम केलं.

कॅम्पातला दुकानदार म्हणत होता, दुहेरी गुंडाळीचे पिकअप घ्या, घूं जाईल. जाईल, पण आवाज जाड होईल, आणि उत्कर्षाला तिचा तो टोकदार आवाजच हवा. म्हणून ॲक्टिव्ह घेतले. त्यांच्या पोटातच इवलासा ॲम्प्लिफायर असतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. दुकानदार मला समजावायला लागला, की बाई, हे बसवायला माहितगार माणूस लागतो. मी म्हटलं, तोच समोर उभा आहे.

आवाजाची बटणंही बदलली. जुनी ठेवली असती तर आवाज हळूहळू चढलाच नसता, दिव्यासारखा एकदम लागला असता, एकदम विझला असता. लाकूड कापलं नाही. बॅटरी बटणांमागच्या खोबणीत बसली.

एकच सांभाळायचं. वाजवून झालं की वायर गिटारीतून काढायची. खोचलेली राहिली तर बॅटरी आतल्या आत संपते. उत्कर्षाला ठाऊक आहे. झाडलोट करताना कुणी खोचून ठेवू नये, म्हणून तुम्हालाही लिहिलं.

आता ट्यूबखाली उभं राहून वाजवलं तरी घूं नाही. तेव्हा यापुढे काय आवडत नाही, ते त्याचं नाव घेऊन सांगा.

लोभ जमेल तेवढा करावा.

मुक्ताई


नारायण पेठ, २१ ऑक्टोबर २००२

सौ. मुक्ताबाई यांस,
स. न. वि. वि.

आपल्या कारागिरीचे प्रदर्शन काल झाले. उत्कर्षा महिनाभर कंपनीच्या कामासाठी चेन्नईला होती, ती शुक्रवारी परतली आणि काल कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात गिटार घेऊन उभी राहिली. दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटला, मग गेलाच. पुढच्या रांगेत आमचे सगळे नातेवाईक होते. माझ्या जाऊबाईंनी विचारले, की संपलं का? मी हो म्हणाले.

दोष आपल्या सोल्डरिंगचा नसेल, तर आपल्या मुलीच्या वळणाचा आहे. चेन्नईला जाताना ती वायर गिटारीतच खोचून गेली होती. महिनाभर मी येता-जाता पाहत होते.

येत्या रविवारी येऊन गिटार घेऊन जावी. मी मंडईत असेन.

लोभ आहे तेवढाच राहो.

पद्मजा


वाघोली, २८ ऑक्टोबर २००२

पद्मजाताई,

काल तुमच्याकडे आले होते. गिटार नेली नाही. तुमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसून काम केलं. टेबलाला भाजल्याचा डाग पडलाय, तो माझा.

चेन्नईला जायच्या आदल्या दिवशी उत्कर्षा तिची वायर माझ्याकडे देऊन गेली होती, टोक सैल झालं म्हणून. महिनाभर ती इथे वाघोलीत खिळ्याला टांगलेली होती. मग तुम्ही येता-जाता पाहत होतात, ती कुठली? जावईबापूंना विचारलं. खाली मान घालून म्हणाले, माझ्या वाजवायच्या कीबोर्डची तशीच वायर आईनं मागून घेतली होती.

तुम्ही शाळेत मुलांना शिकवलेल्या बाई. माझं ते वायरीबद्दलचं, चुकीच्या शुद्धलेखनाचं पत्र तुम्ही किती लक्ष देऊन वाचलंत! ओळीन् ओळ समजून घेतलीत, आणि बरोबर उलटं केलंत.

उत्कर्षाला सांगितलं. तुमच्या अब्रूसाठी लपवणार नव्हते. मी म्हटलं, चल, वाघोलीत खोली बघू. ती म्हणाली, आई, मी इथेच राहीन आणि इथेच वाजवीन.

म्हणून ॲक्टिव्ह पिकअप काढले, जुने बसवले. त्यांना बॅटरी लागत नाही, त्यामुळे संपवण्यासारखं आता त्यात काही नाही. घूं मात्र परत आली आहे.

तिचं एक सांगते. या जुन्या पिकअपच्या गिटारीत सगळ्या तारा आतून एका वायरीनं अर्थिंगला जोडलेल्या असतात. वाजवणारीचा हात तारांवर असला की घूं बसते. हात उचलला की पुन्हा उठते. तेव्हा रविवारी दुपारी झोप हवी असेल, तर माझ्या लेकीला थांब म्हणू नका.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.

मुक्ताई