उफराटीचा तोल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पॅकिंगच्या कारखान्यात फोम कापण्याचे काम करून निवृत्त झालेली, राहणार याच घरी, तिसरा मजला, असे लिहून ठेवते की हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी आपखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भाचीच्या मते ती जरा जास्तच शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई ‘थोडक्यात लिहा’ म्हणून मागे लागल्या आहेत, तेवढे सोडून. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी माझ्याऐवजी भाचीकडे पाहिले. म्हणून हे लिहिणे.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली असे हे घर मी माझ्या पगारातून घेतले आहे. ते माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या मुलीला मिळावे. तिने ते ठेवावे, भाड्याने द्यावे की विकावे, हे तिचे ती बघेल. आत्याची आठवण म्हणून घर गळ्यात बांधून घेऊ नये. न्हाणीघराचा नळ उलट्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे, नाहीतर शिव्या मला पडतील.

२. बँकेतली ठेव. रुग्णालयाचे बिल भागून जे उरेल तेही भाचीचे. तिने त्यातून एकदा तरी काहीतरी बिनकामाचे विकत घ्यावे. पोरगी फार व्यवहारी आहे. हा गुण तिच्या आईकडून आला. आमच्या घरात तो नव्हता.

३. कपडे आणि भांडी ज्याला हवीत त्याने न्यावीत. निळी शाल मात्र भावजयीला देऊ नये. कारण तिला माहीत आहे.

४. भिंतीवरचे घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी ते मला दिले आणि भाषणात माझे नाव चुकीचे घेतले. ते मालकांच्या चिरंजीवांना परत करावे. घड्याळ रोज मागे पडते. मला दुरुस्त करता आले असते. मुद्दाम केले नाही.

५. हत्यारे. तापल्या तारेची कमान, तिचा ट्रान्सफॉर्मर, प्लायवुडचे साचे, पोलादी पट्ट्या, पाती आणि गोंद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कमानीत बारीक तार ताणून बसवलेली असते. तिच्यातून वीज सोडली की ती तापते आणि फोम लोण्यासारखा कापते. कारखान्यात आम्ही तिने काचसामानाच्या खोक्यांतल्या खाचा कापत असू. फोमच्या छोट्या विमानाचा पंख कापताना मात्र कमान दोघांनी धरावी लागते, कारण पंख एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. दोन्ही टोकांना साचे, साच्यांवर आकडे. एकाची तार तीनवर आली की दुसऱ्याचीही तीनवरच हवी; कोणी रेंगाळला की तिथे फोम वितळून खड्डा पडतो. या टोकाला मी आणि त्या टोकाला माझा धाकटा भाऊ, असे आम्ही वर्षानुवर्षे पंख कापले. आकडे मी म्हणायची आणि तो ‘हो’ म्हणायचा. माझे त्याने इतके निमूटपणे दुसऱ्या कशात ऐकल्याचे मला आठवत नाही. अलीकडची काही वर्षे मी एकटीच कापते. त्या टोकाला दोरी बांधून वजन सोडते, वजन तार ओढते. काम होते. पण मी अजून आकडे मोठ्याने म्हणते आणि मग खोलीत फार शांत वाटते.

ही सगळी हत्यारे जवळच्या तंत्रशाळेला द्यावीत.

६. उफराटी. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी हवे तर डोळे मिटून घ्यावेत.

उफराटी म्हणजे फोमचे, रेडिओने चालणारे, माझ्या हातचे विमान. नेहमीच्या विमानाचा मोठा पंख पुढे आणि छोटा मागे शेपटीपाशी असतो. हिचा छोटा पंख नाकापाशी, मोठा मागे, आणि मोटर व प्रोपेलर सगळ्यात शेवटी, म्हणजे विमानाला ओढण्याऐवजी ढकलणारे. धाकट्याने हिचे चित्र एका मासिकात पाहिले आणि ते घेऊन तडक माझ्या स्वयंपाकघरात आला. मी म्हटले, चित्र उलटे छापले आहे. छापणाऱ्याची चूक नाही हे त्याने मला गॅसवरचे दूध उतू जाईपर्यंत समजावले. नाव मी ठेवले.

धाकट्याचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. तिथे काम कमी आणि गप्पा जास्त चालत. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला विमानाचा रिमोट परत नेलाच नाही, आणि मला कारखान्यातून उरलेले तुकडे घरी आणायची मुभा होती. एवढ्या भांडवलावर आमचे वेड सुरू झाले. पहिले विमान पाण्याच्या टाकीवर आपटले, दुसरे कोणाच्या तरी गच्चीवर राहिले, तिसरे उडाले. ते उडाले तेव्हा धाकटा, चांगला बाप झालेला माणूस, त्याच्याकडे बघत मैदानभर पळत सुटला, आणि तो खड्ड्यात पडेल म्हणून त्याच्या मागे मी. पुढे कित्येक वर्षे रविवारी सकाळी आम्हाला कोणी घरी शोधायला येत नसे. थर्मासात चहा, पिशवीत गोंद आणि चिकटपट्टी. फेकणारी मी, उडवणारा तो. त्याच्या अंगठ्यांत जे आहे ते माझ्याकडे नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते, असे मला कोणी विचारलेले नाही. विचारले असते तर मी ते रविवार सांगितले असते.

उफराटीचा सगळा खेळ तोलाचा आहे. साधे विमान मोठ्या पंखाखाली दोन बोटे धरून तोलता येते. हिचा तोल मोठ्या पंखाच्या पुढे, दोन पंखांमधल्या मोकळ्या जागेत पडतो. तो नीट साधला तर नाक फार वर गेल्यावर पुढचा छोटा पंख आधी दमतो, म्हणजे उचलायचे सोडतो, नाक आपसूक खाली येते आणि विमान सावरते. तोल बोटभर मागे सरकला की मोठा पंख आधी दमतो, आणि मग सावरायला काही उरत नाही. म्हणून बॅटरी नाकात बसवायची, आणि खूण केली तिथेच बसवायची.

पहिल्या उफराटीवर ती खूण मी केली होती. मैदानावर धाकट्याला नाक जड वाटले. इतक्या वर्षांची साध्या विमानाची सवय; मी चहा ओतत होते तेवढ्यात त्याने बॅटरी मागे सरकवली. मी फेकले. ती चढत गेली, चढतच गेली, हवेत उभी राहिली आणि पाठीवर कोसळली. त्याचे म्हणणे पडले की पुढच्या पंखाला मी कोनच कमी दिला होता. मी म्हटले, बॅटरी. एवढ्यावर थांबले असते तर पुढच्या रविवारी मिटले असते. पण तोवर बाकीचे विमानवाले भोवती जमले होते आणि त्यांच्यादेखत तो म्हणाला, “ताई, तू आपली फोम काप. उडण्यातलं तुला काय कळतंय?”

मी तुकडे पोत्यात भरले आणि चालत घरी आले. विमान माझ्याकडे राहिले, रिमोट त्याच्याकडे. मला वाटे, त्याने आधी बोलावे. त्याला वाटत असणार, मी बोलावे. आमच्या घराण्यात सगळ्यांचीच नाके जड. तेव्हापासून निरोप भाचीमार्फत जातात, आणि पोरगी बिचारी दोन्हीकडचे टोमणे गाळून मग पोचवते.

उफराटी मी पुन्हा बांधली. लाकडी ठोकळ्यात दोन पेन्सिली उभ्या बसवल्या आहेत. त्यांच्या टोकांवर, तोलाच्या खुणेवर, ती ठेवली की नाक किंचित खाली झुकवून स्थिर राहते. त्यासाठी नाकात बॅटरीच्या पुढे शिशाचे दोन तुकडे चिकटवावे लागले. मोटर न लावता इमारतीच्या लांब बोळात सोडली, तर सरळ जाऊन पलीकडच्या गादीवर उतरते. पुढच्या पंखाखाली मी पातळ पाचर घालून त्याचा कोन जरासा वाढवला आहे. दिसायला बरे दिसते म्हणून. यातून दुसरा अर्थ काढू नये.

पण ती अजून उडालेली नाही. मला उडवता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन घेत नाही. घर, ठेव, भांडी कोणाकडे का जाईनात, माझा जीव त्यात अडकलेला नाही. ही न उडता राहिली तर मात्र मला फार वाईट वाटेल. मेल्यावर वाईट वाटते की नाही ते माहीत नाही, म्हणून आताच वाटून घेत आहे.

सबब उफराटी, बॅटरी व चार्जरसह, माझ्या धाकट्या भावास द्यावी. वारा पडलेला असताना तिला आधी उंच गवतात मोटर न लावता सोडून पाहावे. बॅटरी खुणेमागे सरकवू नये. सरकवल्यास त्याचा हक्क रद्द समजावा. आणि ती नीट उडाली, तर बॅटरीबद्दल ताईचे खरे होते, असे त्याने त्याच मैदानावर चारचौघांत म्हणावे.

७. येथवर काल लिहून झाले होते. यापुढचे आज दुपारी घडले. असले काही मृत्युपत्रात घालू नये असे वकीलबाई म्हणतात. मी घालते आहे.

सह्यांसाठी दोन साक्षीदार लागतात. तळमजल्यावरचे चष्मेवाले वेळेवर आले. दुसरे माझे कारखान्यातले जुने सहकारी यायचे होते; त्यांची पाठ धरली. भाचीने मला न विचारता बापाला फोन केला, आणि थोड्या वेळाने धाकटा दारात उभा राहिला. त्याचे केस पार पांढरे झाले आहेत. हे मला कोणी सांगितले नव्हते. मी ‘ये’ म्हटले. तो ‘हं’ म्हणाला.

वकीलबाईंनी त्याला अडवले. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, सही केली तर त्याचे मिळायचे ते जाते, असे त्यांनी समजावून सांगितले. मला काय मिळणार आहे, असे त्याने विचारले. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि त्यांनी सहावे कलम त्याच्या हाती दिले. त्याने ते उभ्यानेच वाचले. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग तो कामाच्या खोलीत गेला. उफराटी पेन्सिलींवर होती. त्याने तिला हात लावला नाही. गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि खालून ती पाचर बघितली. त्याचा स्वभाव पाहता हात न लावणे ही मोठी गोष्ट आहे.

बाहेर येऊन त्याने वकीलबाईंकडे पेन मागितले.

मी म्हटले, “सही केलीस तर विमान जाईल तुझं.”

“जाऊ दे,” तो म्हणाला. “तू गेल्यावर ते उडालं, तर मी वळून कुणाकडे बघू?”

मला रडू आले. हे लिहिणार नव्हते, पण शपथेवरच्या कागदात लपवाछपवी नको. चष्मेवाले भल्या माणसासारखे खिडकीबाहेर पाहत राहिले. भाची पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मग धाकटा म्हणाला, “उद्या सकाळी सातला येतो. फेकेल पोरगी, तू माझ्या शेजारी उभी राहा.”

रिमोट इतकी वर्षे पडून आहे, चालतो तरी का, असे मी विचारले.

“चार्ज केलेलाच असतो,” तो म्हणाला आणि सही करायला बसला.

सबब कलम सहा बाद समजावे. उफराटी उद्या सकाळी मैदानावर नेण्यात येईल. ती मोडल्यास वाटणीला काही उरणार नाही, आणि त्याबद्दल कोणाचीही, विशेषतः माझी, तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. बाकीची कलमे कायम.

हे सारे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

स्थळ : माझे राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : डिसेंबरचा दुसरा शनिवार, दुपार

लिहून ठेवणार :
(सही) ताई

साक्षीदार पहिले :
(सही) चष्मेवाले, तळमजला

साक्षीदार दुसरे :
(सही) धाकटा भाऊ
मला यातून काही मिळत नाही, हे वाचून, समजून सही केली. मैदानावर गार असतं ताई, स्वेटर घाल.