कोर्टाच्या कडेची खुर्ची

अप्पा, माझी पोरगी, तुमची नात, कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. कलबुर्गीला हॉस्टेलवर राहून बीएस्सी करते, दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा चार वर्षांनी मोठी झालेय. हुमनाबादला सरकारी ऑफिसात नोकरी करते आणि तिची मॅच असली की रजा टाकून कलबुर्गीची बस धरते. बघणाऱ्यांसाठी सिमेंटच्या पायऱ्या असतात, पण मी प्लास्टिकची खुर्ची ओढून कोर्टाच्या पांढऱ्या रेषेला लागून बसते. पोरींच्या बुटांचा घासण्याचा आवाज येतो, घामाचा वास येतो. दोनदा चेंडू येऊन मांडीवर आदळलाय. टीममधल्या पोरी मला आंटी म्हणतात आणि मॅच संपली की माझ्या डब्यातल्या कडक भाकरीवर, शेंगाचटणीवर तुटून पडतात. सगळ्यांना वाटतं, बाईला खेळाचं भारी वेड. मी टाळ्या वाजवते, ओरडतेही. पण इतक्या जवळ बसते ती काही झालं तर तिच्यापर्यंत चटकन पोचता यावं म्हणून.

तो रविवार मी कुणालाच सांगितलेला नाही. शाळेला सुट्टी, ग्राउंडवर तुम्ही आणि मी दोघंच. तुम्ही ड्रिल मास्तर. शाळेकडं बास्केटबॉलचं काही नव्हतं, तर तुम्हीच लोहाराकडनं कडं करून आणून खांबाला ठोकलं होतं. तुमचे वडील मेंढरं राखायचे आणि तुमचा नेम गोफणीनं बसला, असं तुम्ही हसून सांगायचात. तुम्ही चेंडू टाकताय, मी पळत जाऊन आणतेय. एकदा चेंडू घेऊन वळले तर तुम्ही खाली मातीत बसलेले. तोंडावर घाम, ओठ राखेसारखे. मी विचारलं, "कामून बसलाव, अप्पा?" तुम्ही बाहीनं तोंड पुसलंत. मग म्हणालात, "काई न्हाई. दम लागला." थोड्या वेळानं उठलात, धोतर झटकावं तशी पँट झटकलीत आणि म्हणालात, "घरी बोलू नको. तुझी आई उगं घाबरती." मी नाही बोलले. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकला याचा मला अभिमानच वाटला होता. तीन आठवड्यांनी सकाळच्या ड्रिलला तुम्ही रांगेसमोर पडलात. मी मुलींच्या रांगेत तिसरी होते.

यंदाच्या स्पर्धेत तिची टीम सेमीफायनलला आली. मी नेहमीसारखी रेषेला लागून बसलेली. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ती बॉल घेऊन पळत आली, पास दिला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. सगळ्या पोरी पलीकडं पळाल्या, ती तिथंच. एक हात छातीवर गेला. मग तिनं मान वर करून आधी माझ्याकडंच पाहिलं. अप्पा, ओठांचा तो रंग मी कुठंही ओळखेन. तिनं मला मानेनं हळूच "नाही" केलं आणि पळाली.

हाफ टाइमला मी पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेले. म्हटलं, "छातीत दुखायलंय का?"

"काई न्हाई, आई. दम लागलाय."

"ओठ बघ कसे झालेत. सरांना सांगते मी."

"सरांना सांगू नको. बसवून ठेवतील. सेमीफायनल हाय." तिनं माझा हात धरला. तिचा तळवा गार पडलेला. "तू उगं घाबरायलीस. घाबरायची सवयच हाय तुला."

आणि मी परत येऊन खुर्चीवर बसले. पुढं जे सांगणार आहे त्यात मी शहाणी दिसेन, म्हणून हे आधीच सांगते. तिसरा क्वार्टर पूर्ण होईपर्यंत मी बसून राहिले. मागं पायऱ्यांवर ढोल वाजायलेला, कुणीतरी कन्नडमध्ये आमच्या टीमला चिडवायलेलं, आणि मी तिच्या छातीकडं बघत श्वास मोजायलेले. ती पळाली की माझा श्वास थांबायचा. ती थांबली की जास्तच भीती वाटायची. बोलले आणि काहीच निघालं नाही तर तिचा खेळ माझ्यामुळं जाईल. न बोलले आणि निघालं तर. या दुसऱ्या वाक्याच्या पुढं मला जाता येत नव्हतं.

चौथ्या क्वार्टरमध्ये ती पुन्हा वाकली आणि मी रेषा ओलांडून सरळ कोर्टात शिरले. शिट्टी वाजली. रेफरी हात पसरून म्हणाला, "मॅडम, बाहेर व्हा, खेळ चालू आहे." सर धावत आले. मी त्यांना म्हटलं, "तिला बाहेर काढा. माझे वडील असेच गेले, ग्राउंडवर." सर कन्नड माणूस, पण मराठी चांगली समजते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या पोरीला आत पाठवलं. आम्ही तीन पॉइंटनी हरलो. ऑटोत बसल्यावर तिनं तोंड फिरवून घेतलं आणि दवाखाना येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, टू-डी इको केला, रक्त घेतलं. मग विचारलं, घरात कमी वयात कुणी अचानक गेलंय का. मी हो म्हटलं. आधी काही त्रास होता का, असं विचारल्यावर मी तो रविवार सांगितला. मातीत बसलेले तुम्ही, राखेसारखे ओठ, घरी बोलू नको म्हणालात ते, सगळं. तिच्यासमोर. इतक्या वर्षांत आईलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि आता आईही नाही.

तिचं हृदय चांगलं निघालं, अप्पा. रक्त फार कमी होतं. हॉस्टेलचा नाश्ता सोडून सकाळी उपाशी पोटी प्रॅक्टिसला पळायची. गोळ्या दिल्या, महिनाभर खेळ बंद. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "किती वर्षांची होतीस तू?"

"चौदा."

ती पायातल्या बुटांच्या नाड्या सोडत बसली. मग म्हणाली, "चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, आई." माफी द्यावी तसं नाही, चिडूनच म्हणाली. हरल्याचा राग तिच्या मनात अजून आहे. पुढच्या मॅचला खुर्ची मागं घे म्हणाली, आणि मी घेणार आहे, दोन हात तरी.

निघताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, तुम्हीही तपासून घ्यायला हवं. वडील असे गेलेत, टाळू नका. मी मान हलवली. मागच्या आठवड्यात पोरीचा फोन आला, "दाखवलंस का?" मी म्हटलं, "व्हय, दाखवलं. सगळं ठीक हाय."

दाखवलेलं नाही, अप्पा. ऑफिसच्या जिन्यात दुसऱ्या वळणावर मला दम लागून थांबावं लागतं. खालून कुणी आलं की मी पर्समध्ये चावी शोधत असल्यासारखं करते.